सुमनला ज्या गावांनी पाडलं, त्या गावांच्या वाटेवर

आमचे मामा रुसले की फार लांबचे रुसतात. एका सबंध रस्त्यावर ते बारा-तेरा वर्षं रुसून बसले होते. नाशिकहून पिंपळगाव बसवंत ओलांडलं, की पुढचा भाग त्यांच्या लेखी नकाशातच नव्हता. त्या बाजूच्या लग्नांना मामी एकट्या जायच्या आणि मामा गंगापूर रोडच्या घरात पेपर वाचत बसायचे. असं असताना परवा त्यांचा पुण्याला फोन आला, "सुजा, दोन दिवस सुट्टी काढ. पिंपळदरीला जायचंय." मी आधी त्यांची तब्येत विचारली.

कारण मात्र खरंच होतं. नाशिकमधल्या एका नव्या, छोट्या पक्षाला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गाजलेली एक मुलगी उमेदवार म्हणून हवी होती. अशा चेहऱ्याने पक्ष वर येतो का, हे विचारायला ती मंडळी मामांकडे आली होती, कारण हा उद्योग जिल्ह्यात आधी मामांनीच करून पाहिला होता आणि त्यात ते सपशेल आपटले होते. मामा त्यांना म्हणाले, "आम्हाला ज्यांनी पाडलं, त्यांना आधी विचारून येतो. मग सांगतो."

नव्वदीच्या दशकात मामांचा एक पक्ष होता. पक्ष म्हणजे काय, जिल्हा कार्यकारिणीची बैठक एका रिक्षात व्हायची आणि चौथा आला तर त्याला रिक्षावाल्याशेजारी बसावं लागे. निशाणी शिलाई मशीन. तत्त्वं भरपूर, माणसं बेताची. तेव्हा मामांच्या डोक्यात नीलाताईंचं नाव आलं. दर आठवड्याला दूरदर्शनवर लागणाऱ्या एका मालिकेत त्या सुमन नावाची सोशीक सून व्हायच्या. मालिका लागली की नाशिक रोडपासून मनमाडपर्यंत घराघरांत भाजी करपायची. मामा थेट मुंबईला गेले, ओळखीतून त्यांना भेटले आणि शब्द देऊन आले, "ताई, तुम्ही फक्त उभ्या राहा. निवडून आणायची जबाबदारी माझी." त्या लोकसभेला उभ्या राहिल्या. मी तेव्हा कॉलेजात होते आणि प्रचाराच्या जीपमध्ये ताईंची सोबतीण म्हणून माझी नेमणूक झाली होती. आयुष्यातले इतके सुंदर दिवस मला परत मिळालेले नाहीत, हे आताच सांगून टाकते.

तर शनिवारी सकाळी आम्ही जुन्या सीबीएस स्टँडवरून देवळ्याकडे जाणारी एसटी धरली. स्वतःची गाडी असेल तर उत्तम, पण एसटीनेही हा प्रवास छान होतो आणि तिकीट शंभराच्या आत बसतं. डावीकडची खिडकी धरा. निघण्याआधी मिसळ खाऊन घ्या, कारण महामार्गाचं काम चालू आहे आणि बस कुठे किती वेळ थांबेल, ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. मामांनी मिसळीला नाही म्हटलं.

ओझरनंतर द्राक्षबागा लागतात. पूर्वी इथे बागेतले लोक जीप थांबवून ताईंना घड द्यायचे. पिंपळगावला टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले ट्रॅक्टर रांगेत उभे होते, बसमध्येही तो आंबूस वास शिरला. मी मामांना म्हटलं, "इथे आपली पहिली सभा झाली होती." मामा म्हणाले, "सभा कसली. माणसं तिला बघायला आली होती, मी बोलायला लागलो तशी उठली." आणि बऱ्याच वर्षांनी ते स्वतःवर हसले.

सोग्रस फाट्याला बस डावीकडे वळते. फाट्यावरच्या टपरीत भजी चांगली मिळतात, सोबत तळलेली मिरची मागून घ्या. तिथून पुढे उघडे डोंगर, मधूनमधून कांद्याचे हिरवे वाफे आणि भावडबारीचा घाट. नोव्हेंबर ते जानेवारी या दिवसांत इथली हवा अशी असते, की माणसाने उगाच बसमधून उतरून चालावं. नीलाताई खरंच उतरायच्या. मुंबईच्या माणसाला एवढं आकाश बघायची सवय नसते, म्हणायच्या.

आता ओट्यांबद्दल सांगायला हवं. पहिल्याच गावात जीप थांबली आणि एक बाई खण-नारळ, तांदूळ घेऊन आली. तिने ताईंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटी भरली. मग दुसरी आली, मग आळीच आली. पुढच्या गावी तेच. संध्याकाळी जीपमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, आम्ही नारळांवर बसून यायचो. मामींनी नारळाच्या वड्या केल्या, बर्फी केली, आमटीत नारळ, भातात नारळ. नाशिकच्या घरात कोकण अवतरलं. आणि मामांचा हिशोब सुरू झाला. एका नारळामागे एक घर, एका घरामागे चार मतं. कार्यकर्ते रोज रात्री पोती उचलून वजनाचा अंदाज घ्यायचे आणि मंत्रिमंडळापर्यंत जायचे. "जी बाई पदरचा नारळ देते, ती मत देणार नाही होय?" मामा विचारायचे आणि आमच्यापैकी कुणालाही यात काही खोट दिसत नव्हती.

ताई मात्र ओटी भरताना दरवेळी रडायच्या. मला वाटायचं, नटीच ती, तिला काय अवघड. एकदा घाटात त्या म्हणाल्या, "सुजा, मला सासर नाही, आईवडील गेल्यापासून माहेरही नाही. आणि या बायका म्हणतात, पोरी, परत ये हो." मग त्यांनी पदर सावरला आणि पुढच्या गावाचं नाव विचारलं.

निकाल लागला, अनामत गेली. पिंपळदरीत तर आम्हाला मिळालेल्या नारळांपेक्षा मतं कमी होती. पक्ष त्यानंतर वर्षभरात विझला. पण मामांना त्याहून मोठा घाव दुसराच बसला. ताई उमेदवार असल्यामुळे त्यांना मालिकेत दाखवता येत नव्हतं. निवडणूक संपेपर्यंत मालिका थांबेना आणि संपल्यावर निर्मात्याने त्या भूमिकेत दुसरीच मुलगी आणून बसवली. ताईंची खासदारकीही गेली आणि सुमनही गेली. मामांनी त्यांना शब्द दिला होता. त्यानंतर कोणत्या तोंडाने बोलायचं, म्हणून त्यांनी फोनच केला नाही. दिवाळीची पत्रं मी टाकायचे, उत्तरं मला यायची, त्यात "भाऊसाहेब कसे आहेत" एवढी एक ओळ मामांसाठी असायचीच. मामा ती वाचून पत्र घडी करून परत द्यायचे. राग त्यांनी सगळा गावांवर काढला. खाल्ल्या मिठाला जागली नाहीत, असं म्हणायचे. मीठ खरं तर आम्हीच त्यांचं खाल्लं होतं, पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

पिंपळदरीच्या फाट्यावर उतरून मैलभर चालावं लागतं. गावात आता सिमेंटचा रस्ता आहे, घरांवर डिशच्या छत्र्या आहेत. कौसाबाईंचं घर मात्र मी लगेच ओळखलं. याच ओट्यावर सगळ्यात जास्त ओट्या भरल्या होत्या आणि बायकांना हाकारून आणणाऱ्या याच कौसाबाई. आता खूप म्हाताऱ्या झाल्यात. त्यांची बोली अहिराणीकडे झुकणारी, कान दिला की कळते. मामांना बघून त्या म्हणाल्या, "या भाऊ. लई दिनमा उनात." म्हणजे फार दिवसांनी आलात. सुनेने पाणी दिलं, चहा टाकला. बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्ल्याशिवाय त्यांनी विषय काढू दिला नाही. अशा गावात जाणार असाल तर डबा नेऊ नका, आणि पैसे तर अजिबात पुढे करू नका, माणसं दुखावतात.

हात धुतल्यावर मामांनी एकदम विचारलं, "कौसाबाई, तुमच्या गावाने आम्हाला का फसवलं?"

म्हातारीला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "आम्ही कोठे फसाडं? आम्ही तं पोरनी वटी भरी."

"ओटी भरलीत आणि मत दुसऱ्याला दिलंत."

"मंग?" तिने इतक्या साधेपणाने विचारलं, की मामा गडबडले. "टीव्हीवर सांगेल व्हतं, सुमन माहेरले गई. आन् ती आमना गावले उनी. माहेरले येल पोरले कोन ठेवी लेस? चार दिन ऱ्हास, वटी भरतस नि तिना घर धाडतस. दिल्लीले धाडं असतं तं तिना संसार कोन देखता?"

आणि मला ते आठवलं. निवडणुकीच्या त्या आठवड्यांत ताई पडद्यावर दिसत नव्हत्या, तेव्हा मालिकेतली सासू शेजारणीला सांगायची, "सुमन माहेरी गेलीये." आम्ही जीपमधून फिरत असल्यामुळे मालिका बघतच नव्हतो. कुणीतरी सांगितलंही असेल, आम्ही हसून सोडून दिलं असेल. ओटी कधी भरतात, हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. लेक निघाली की भरतात. दोन जिल्हा चिटणीस, एक खजिनदार आणि मामा, सगळे लग्न झालेले, लेकीबाळींचे बाप. रोज दारादारात पाठवणी होत होती आणि आम्ही ती मतं म्हणून पोत्यात भरत होतो.

मामा जरा चिडूनच म्हणाले, "अहो, ते नाटक होतं. ती सुमन नव्हती."

"नाटक शे, हाई माले समजस," कौसाबाई म्हणाल्या. "मी काय येडी शे का? पन ती मना गळामा पडीसन रडनी, ते नाटक नव्हतं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मंग टीव्हीवर दुसरीच दिसाले लागनी. आम्ही लई दिन वाट देखी. भाऊ, पोचनी का ती घर?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. इतकी वर्षं मामा ज्यांना बेइमान म्हणत होते, त्यांच्यातलीच ही बाई इतकी वर्षं त्या पोरीची काळजी करत होती.

परतीला आम्ही चांदवडमार्गे मनमाडला आलो. चांदवडहून मनमाडला जीपा मिळतात, दाटीवाटीने बसायची तयारी ठेवा. मनमाडला नाशिक रोडकडे जाणारी गाडी उशिरा होती. फलाटावर चहा घेत मामा एकदाच बोलले, "कौसाबाईंनी काही चुकीचं केलं नाही रे." मला ते लहानपणापासून 'रे' म्हणतात. गाडीत जागा मिळाली, नाशिक रोडला उतरून रिक्षाने घर.

अशी ही सहल. बघण्यासारखं म्हणाल तर घाट आहे, चांदवडची रेणुका आहे, द्राक्षांचा हंगाम साधलात तर स्वर्गच आहे. मला विचाराल तर माझ्यापाशी राहिली ती मामांची चाल. जाताना फाट्यापासून गावापर्यंत ते माझ्या पुढे तरातरा चालत होते, भांडायला निघालेल्या माणसासारखे. येताना माझ्या मागे राहिले आणि मीच दोनदा थांबले.

रविवारी सकाळी नव्या पक्षाची मंडळी आली. मामांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "चेहरा चालतो. लोक जीव लावतात. पण त्या मुलीला उभं करण्याआधी एक ठरवा, हरली तर ती कुठे परत जाणार. ते ठरत नसेल तर माझ्याकडे येऊ नका." मंडळी जरा नाराज होऊनच गेली.

मग मामा माझ्याकडे वळले. "नीलाताईंचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव." मी लावला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. मामींनी मिक्सर बंद केला.

"नीलाताई, मी भाऊसाहेब बोलतोय. नाशिकहून." पलीकडून त्या काहीतरी बोलल्या असाव्यात, मामा मान हलवत राहिले. माफी मागायची म्हणून रात्रभर जुळवलेली वाक्यं त्यांना सापडेनात. शेवटी म्हणाले, "पिंपळदरीच्या कौसाबाईंनी निरोप दिलाय. विचारत होत्या, तुम्ही घरी पोहोचलात का."

मिक्सर बंद असल्यामुळे पलीकडचा आवाज मला आणि मामींनाही ऐकू आला. "नाही हो, भाऊसाहेब. अजून नाही."

मामा खुर्चीत सरळ झाले. "मग इकडे या," ते म्हणाले. "प्रचार नाही, सभा नाही. नुसतं चार दिवस राहायला या."