बाप नसलेलं मशीन

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही वस्तू तिचे दात बघितल्याशिवाय घरात आणलेली नाही. ज्या वस्तूंना दात नसतात, त्यांची ते पाठ दाबून बघतात, पोटाखालून हात फिरवतात आणि मग चार पावलं मागं सरून, डोळे बारीक करून, ती वस्तू उभी कशी राहते ते पाहतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडवणीजवळ त्यांची शेती आहे, पण पंचक्रोशीत त्यांना ओळखतात ते बैलांचे पारखी म्हणून. आठवडी बाजारात बैल घेणारा माणूस आधी दाजींना शोधतो, मग बैल. दाजी जनावराभोवती एक फेरी मारतात आणि म्हणतात, "घ्या." किंवा म्हणतात, "चला, चहा पिऊ." चहाचं नाव निघालं की सौदा मोडला.

ही दृष्टी बाजारापुरती राहिली असती तर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण ताईसाठी फ्रिज घ्यायला ते बीडला गेले, तेव्हा दुकानदाराला त्यांनी विचारलं, "ह्यो खातो किती?" माझ्या भाचीच्या, म्हणजे त्यांच्या मंगलच्या लग्नाची बोलणी चालू असताना त्यांनी नवऱ्या मुलाला विहिरीपर्यंत चालत जाऊन यायला सांगितलं. मुलगा बिचारा पाणी आणायचंय असं समजून घागर घेऊन निघाला. चाल सरळ होती, लग्न ठरलं. मला तर त्यांनी पहिल्या भेटीतच खांदा दाबून निकालात काढलं होतं. ताईला म्हणाले, "तुजा भाऊ चारा चांगला खातो, पण औताचा न्हाई." पुढं मी औरंगाबादेत मास्तर झालो, आणि हा निकाल किती अचूक होता ते सिद्ध केलं.

मंगलचे सासरे, म्हणजे दाजींचे व्याही, युसूफ वडगाव नावाच्या गावातले किराणा दुकानदार. कपाळाला भस्म, खिशाला दोन पेनं, आणि कोणत्याही वस्तूसोबत येणाऱ्या कागदावर अढळ श्रद्धा. दाजी वस्तू बघतात, व्याही तिची वॉरंटी वाचतात. अशा माणसांचं जमतं ते फक्त मुलांची लग्नं झाल्यामुळं. एके दिवशी व्याह्यांचा फोन आला. "व्याही, आमच्याकडं ब्लू-रे आलाय. पुतण्यानं दुबईहून आणला. चित्र असं दिसतं की माणसाच्या अंगावरची लव मोजावी." दाजींनी फोन ठेवला आणि लगेच मला लावला. "मास्तर, हे निळं काय हाय?"

त्या दिवसांत सिनेमाचं चित्र कितीतरी स्वच्छ दिसावं म्हणून दोन नव्या तबकड्या निघाल्या होत्या. एक एचडी डीव्हीडी, दुसरी ब्लू-रे. दिसायला जुळ्या बहिणी, पण एक तबकडी दुसरीच्या मशीनमध्ये चालत नसे, आणि शेवटी दोन्हींतली एकच टिकणार असं जाणकार म्हणत. या विषयावर मी रविवारच्या पुरवणीतला एक लेख अर्धा वाचला होता. अर्धा लेख वाचलेला माणूस किती आत्मविश्वासानं बोलतो, हे मास्तरांना सांगायला नको. ब्लू-रेच घ्या असं पटवायला मी सुट्टी काढून दाजींकडं गेलो आणि तबकडीत मावतं किती, प्रकाश कुठल्या रंगाचा, सगळं ऐकवलं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ह्या एचडीचा बाप कोण?"

"बाप असा... म्हणजे साधी डीव्हीडी. तिच्याच घराण्यातली ही."

"अन त्या निळ्याचा?"

"ते एकदम नवीन आहे. त्याला तसा बाप नाही."

"मंग इचारायचं काय? ज्याच्या नावात बापाचं नाव हाय ते घ्या. बिनबापाचं जनावर मी दावणीला बांधत न्हाई."

आणि खाली लिहितोय ते मला मान्य करताना आजही लाज वाटते. मी म्हणालो, "मीही तेच म्हणत होतो."

परदेशात राहणाऱ्या ओळखीतल्या एका पाहुण्याकरवी मशीन आलं. दाजींनी ते उलटं केलं, वास घेतला, पाठ दाबली, "जातिवंत हाय," म्हणाले आणि ताईनं त्याला हळद-कुंकू वाहिलं. सोबत एकच तबकडी होती, घोडे आणि गुरं हाकणाऱ्यांचा इंग्रजी सिनेमा. तो आम्ही इतक्या वेळा पाहिला की नायक कोण हे अजून सांगता येत नाही, पण तिसऱ्या प्रसंगातली तांबडी गाय गाभण आहे हे सांगता येतं. "बघा, बघा, कसं साफ दिसतंय!" दाजी म्हणत. "वा!" मी म्हणे. तिकडं वडगावात व्याही आपल्या मशीनला असंच "वा" म्हणत, आणि मंगल दोन्हीकडचं "वा" फोनवरून इकडून तिकडं पोचवी.

भांडण असं नव्हतंच. पण एकदा बाजारात कुणीतरी डिवचलं, "दाजी, तुमच्या व्याह्याचं निळं मशीन लई भारी म्हणत्यात." दाजी चारचौघांत बोलून गेले, "ते निळं जिंकलं तर मी पुन्यांदा कुणाच्या जनावराला हात लावणार न्हाई."

आणि निळं जिंकलं. एचडी बनवणाऱ्यांनीच माघार घेतली. ती बातमी मी पेपरात वाचली. दाजींच्या हातून जनावर गेलं तर उरलं काय? मी ठरवलं, त्यांना कळू द्यायचं नाही. चार महिने मी दर रविवारी फोन करून, कधी स्वतः जाऊन, अमेरिकेच्या खोट्या बातम्या देत राहिलो. त्यातही मला मर्यादा राहिली नाही. निळ्याची दुकानं मी एकेक करून बंद पाडली. दाजी खाटेवर पडून ऐकत. त्यांची कंबर धरली होती, म्हणून हल्ली बाजारही बंद होता. मला वाटलं, बरंच झालं, बाहेर कुणी सांगायला नको.

एका रविवारी मी असाच कॅलिफोर्नियातलं एक दुकान बंद करत होतो, तर दारात व्याही उभे. हातात घडी केलेला पेपर. मागं अंगणात तेलगावचा एक शेतकरी खोंड धरून. मी अर्ध्या वाक्यात थांबलो.

"मास्तर, बास करा आता," दाजी खाटेवरून म्हणाले. "मला पहिल्याच आठवड्यात कळलंय. मंगलनं फोन केलता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी लई मन लावून सांगत व्हता. अन जिंकल्याचं ऐकायला बरं वाटायचं."

"आणि कंबर?"

आतून ताईचा आवाज आला, "कंबरेला काय धाड भरलीय! माणसं जनावरं घेऊन दारात येत्यात, अन हे भिंतीकडं तोंड करून पडत्यात. शब्द दिलाय म्हणे."

व्याही चपला काढून आत आले आणि त्यांनी खाटेशी खुर्ची ओढली. "व्याही, शब्द कशाचा दिलता? निळं जिंकलं तर, असाच ना?" मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "खरं सांगू? दोन वर्सं झाली, मला जुन्यात अन नव्यात काडीचा फरक दिसंना. पुतण्या आता सांगतोय, टीव्ही पण नवा लागतो म्हणे, जुन्यावर सगळं सारखंच. मंग जिंकलं ते कुणाच्या घरात? माझ्या तर न्हाई."

लेखाचा तो भाग उरलेल्या अर्ध्यात असणार.

दाजी उठून बसले. "मला पण न्हाई दिसला," ते म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "तुमी कावून वा-वा करत व्हता?"

"तुम्ही करत होता म्हणून."

दोघं व्याही असे हसले की अंगणातलं खोंड बिचकलं. त्या आवाजासरशी दाजी दारात पोचले सुद्धा. "दावं ढिलं सोड बे, गळ्याला काचतंय त्याच्या," ते शेतकऱ्यावर खेकसले आणि पायरी उतरून गेले. मागोमाग व्याही, खिशातली दोन पेनं सांभाळत. चार महिने एका दुखावलेल्या माणसाची मी समजूत काढतोय असं मला वाटत होतं, आणि तो माणूस दर रविवारी माझं मन राखत होता.

ऊन उतरेपर्यंत दोघं त्या खोंडाभोवती फिरत होते. दाजी त्याचा ओठ वर करून काहीतरी दाखवत होते, आणि व्याही वॉरंटीचा कागद वाचावा तसे वाकून बघत होते. मी ओट्यावर बसून राहिलो. मला कुणी काही विचारलं नाही, आणि त्या दिवशी मला ते फार बरं वाटलं.