साडूंची ताडपत्री

सूर्याशी वैयक्तिक वैर धरलेला एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आहे, आणि ते माझे थोरले साडू आहेत. उन्हाळा लागला की नाशिकरोडच्या आपल्या गच्चीवर जाऊन ते वर असे बघतात, जणू वरच्या मजल्यावरचा कोणी नळ उघडा टाकून गावाला गेलाय. लग्नात जागा निवडताना सावली कुठे सरकेल याचा अंदाज आधी. विंचूरच्या एका लग्नात तो अंदाज चुकला, तेव्हा भर पंगतीत पान उचलून ते दुसरीकडे जाऊन बसले आणि वाढपी जिलबी घेऊन त्यांना शोधत राहिला.

या वैराचं मूळ आक्का. आक्का म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची मोठी बहीण. गेल्या वर्षी मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली स्वयंपाक करताना त्या भोवळ येऊन पडल्या. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा ऊन बाधलं तर जिवावर बेतेल. तेव्हापासून साडूंना शास्त्रज्ञांची ती कल्पना भलतीच आवडू लागली, आभाळात खूप उंचावर बारीक कण सोडून थोडं ऊन आल्या पावली परत पाठवायची. "द्राक्षांवर फवारतात ना, तसं आभाळावर!" ते मला म्हणाले. "उष्णतेच्या लाटा कमी होतील. पाऊस मात्र इकडचा तिकडे होऊ शकतो म्हणतात, कुठे जास्त, कुठे कमी. तेवढं चालायचंच!"

आभाळ हाताशी नव्हतं, गच्ची होती. यंदा त्यांनी तिच्यावर पांढरीशुभ्र ताडपत्री ताणली. खोल्या खरंच गार झाल्या, आक्का दुपारी निवांत झोपू लागल्या. आनंदाच्या भरात साडू आल्यागेल्याला स्टुलावर चढवून छताला हात लावायला लावत. मीही लावून आलो. तळमजल्यावरच्या ताई मात्र कुरडया करून विकतात, आणि उन्हाळ्याच्या या वाळवणावरच त्यांचं घर चालतं. त्यांना उन्हाची म्हणून कठड्याजवळची एक पट्टी उरली. एका दुपारी अवकाळी सर आली. ताईंनी धावत जाऊन कुरडयांवर प्लास्टिक ओढलं, पण ताडपत्रीच्या पोटात साठलेलं सगळं पाणी एका कोपऱ्यातून धो धो नेमकं त्यांच्याच पट्टीवर उतरलं. सगळ्या कुरडयांचा लगदा झाला.

"काका, ऊन तुमी अडवलं आन् पाऊस माझ्याकडं धाडला," ताई म्हणाल्या. त्या येवल्याकडच्या. "मला एकदा इचारायचं तरी!"

साडू वाकून लगद्यात एखादी धड कुरडई सापडते का बघू लागले. आक्काच म्हणाल्या, "काढा ती. दुपारची मी खाली यांच्याकडे बसत जाईन. यांच्या घरात ऊन कुठे येतं?" साडूंनी ताडपत्री सोडली, पण काळजीने चेहरा एवढासा झाला होता. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

परवा दुपारी गेलो, तर आक्का खाली ताईंबरोबर लसूण सोलत गप्पा मारत होत्या. सूर्याचे हे वैरी गच्चीवर, डोक्यावर ओला पंचा टाकून ताईंच्या कुरडयांवरचे कावळे हाकत होते.

"दादा, आभाळाच्या फवारणीचं काय झालं?" मी चिडवलं.

"अहो, या गच्चीवर विचारायला एकच बाई होती, तिलाच विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "आभाळाखाली कितीजणांना विचारायचं?" मग एक कावळा हाकून हळूच म्हणाले, "पण काहीतरी करायला हवं हो. हिला आता ऊन सोसत नाही."

त्यांची सदा सोबतीची छत्री कुठे दिसेना. शोधलं तर ती पाण्याच्या काळ्या टाकीवर दोरीने बांधलेली. संध्याकाळी आक्कांच्या नळाला कढत पाणी येऊ नये म्हणून. साडू उन्हातच बसले होते.