कॉलनीतले सरकारी जावई

आमच्या कॉलनीत फुकटचं कोण आणि कष्टाचं कोण खातो, हे ठरवायचं काम चेअरमननी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. ते हाउसिंग सोसायटीचे चेअरमन होते, आणि माझे वडील, आप्पा, ज्या फौंड्रीत ओतकाम करायचे तिथंच सुपरवायझर. बेळगावाबाहेर पिरनवाडीच्या वाटेवर ती फौंड्री होती. तिथल्या कामगारांनी मिळून सोसायटी काढली, सोसायटीनं बँकेकडनं कर्ज उचललं, आणि घरं बांधून होण्याआधीच ती बँकेकडं गहाण पडली. सगळ्यांचं कर्ज एकाच बँकेचं, एकाच दराचं. आम्हाला मिळालं ते नाल्याकडचं शेवटचं घर. पावसाळ्यात त्याच्या मागच्या भिंतीला बुरशी धरायची.

आम्ही बौद्धवाड्यातून तिथं राहायला आलो तेव्हा चेअरमननी पानाच्या दुकानासमोर उभं राहून चारचौघांना सांगितलं, "यांचं काय बाबा, सरकारचे जावई. घर फुकट, शिक्षण फुकट. आपण भरायचं आणि यांनी ऱ्हायाचं." आप्पा तिथंच होते. पान घेऊन ते घरी आले आणि काही झालंच नाही असं जेवायला बसले. दर महिन्याला त्यांच्या पगारातून हप्ता कापला जायचा, तसाच चेअरमनच्याही पगारातून. हे चेअरमनना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असून बोलणारा माणूस मला लहानपणापासून अडाणी माणसापेक्षा हलका वाटत आला आहे.

ऐंशीच्या पुढच्या वर्षांत विजेची कपात सुरू झाली. आधी एक पाळी बंद पडली, मग दुसरी. पुढं भट्टीच विझली. काही महिने अर्धा पगार आला, नंतर तोही थांबला. सकाळी डबा घेऊन निघणारी माणसं दारात बसून दाढी खाजवायला लागली. आप्पांना बसवत नव्हतं. ते नाल्याकडची माती उकरून वांगी लावायचे, कुणाची सायकल दुरुस्त करून द्यायचे, पैसे मात्र मागायचे नाहीत. आईचं माहेर निपाणीचं. लग्नाआधी ती तिथं तंबाखूच्या वखारीत जायची, विड्या वळायची. तिनं आता बेळगावातल्याच एका कारखानदाराकडनं विडीची पानं आणि जर्दा आणायला सुरुवात केली. दिवसभर सूप मांडीवर. माझ्या कॉलेजच्या वह्यांनासुद्धा तंबाखूचा वास यायचा.

बँकेची नोटीस आली. व्याज थकत गेलं तर घर लिलावात काढू. आप्पांनी ती नोटीस घडी घालून खिशात ठेवली आणि वांग्यांना पाणी घालायला गेले.

अशातच बातमी आली की सरकारनं कारखाने बंद पडलेल्या कामगारांसाठी एक ठराव केलाय. ज्या घरातला कर्ता बेकार झालाय आणि ज्याचं घर कर्जापोटी गहाण आहे, त्याचं व्याज काही काळ कामगार खातं भरणार. पैसे हातात यायचे नाहीत, थेट बँकेत जमा व्हायचे. मुद्दल आपलं आपण फेडायचं, पण त्यासाठी बँक थांबणार. आईला हे एकदा सांगितलं आणि कळलं. "म्हंजे मुद्दल आपल्या मानंवर ऱ्हाणार," ती म्हणाली, "पर व्याज वाढायचं थांबलं तर घर ऱ्हातंय. चांगलंच की."

चेअरमनना ते चांगलं वाटलं नाही. त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये सभा बोलावली. अर्ज कन्नडमधनं भरायचे होते, त्यावर त्यांचा सगळा राग. "आम्ही मराठी माणसं," ते टेबलावर हात आपटत म्हणाले, "कन्नडातनं भीक मागायची? आणि भीकच ती. काम नसलं म्हणून काय झालं, स्वाभिमान हाय का न्हाय? आपण काय कुणाचे जावई न्हाय." हे म्हणताना त्यांनी आमच्याकडं पाहिलं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरी चूल एक वेळ पेटत होती, पण भाषणाला टाळी द्यायची सवय काही सुटत नाही. आप्पांनीही दोनदा हात हातावर आपटले, मग थांबले.

घरी आल्यावर आईनं एवढंच विचारलं, "स्वाभिमानाचं व्याज बँक घेती व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गावातल्या कचेरीत निघाली. मला कन्नड येत होतं, शाळेत घेतलेलं. कचेरीच्या व्हरांड्यात ही गर्दी. आम्ही बाकाच्या टोकाला कशाबशा टेकलो. पुढं एक माणूस मफलर कानावरनं हनुवटीपर्यंत गुंडाळून भिंतीकडं तोंड करून उभा होता. चैत्रातल्या उन्हात मफलर. मी पायांकडं पाहिलं आणि ओळखलं. फौंड्रीत सुपरवायझरना मिळायचे तसले बूट होते.

"आई," मी हळूच म्हटलं, "चेअरमन."

आईनं मान वर केली नाही. "गप बस. त्यांचा नंबर येऊ दे."

कारकुनानं आतून नाव पुकारलं. मफलर हलला नाही. परत पुकारलं, बापाच्या नावासकट, सोसायटीच्या नावासकट. मग ते खिडकीपाशी गेले. कारकून मोठ्या आवाजाचा. "केलस इल्ल?" काम नाही का, असं त्यानं कन्नडमधनं विचारलं. चेअरमन त्याच्याकडं वाकले आणि इतक्या गोड कन्नडमधनं बोलायला लागले की मी ऐकतच राहिले. फौंड्री बंद आहे, घर गहाण आहे, मुलं आहेत, दया करा. दया हा शब्द ते दोनदा म्हणाले.

वळले आणि आम्हाला बघून थांबले. घाम पुसत म्हणाले, "मी आपलं चौकशीला आलतो. सोसायटीच्या वतीनं. पुढं सगळ्यांना सांगावं लागतंय न्हवं."

आई बाकावर सरकली. शेजारच्या बाईलाही सरकायला लावलं. "या, बसा की चेअरमन," ती म्हणाली. "जावयाला बसायला जागा करा गं."

बाकावरच्या बायका कुणाच्या कोण, त्यांना काही कळलं नाही, पण त्या हसल्या. चेअरमन बसले नाहीत. जिन्यावरनं खाली उतरताना त्यांचा मफलर सुटून खांद्यावर आला होता.

नळावर आईनं ही गोष्ट एकदाच सांगितली. तेवढं पुरलं. दोन दिवसांनी सगळी कॉलनी त्या व्हरांड्यात. स्वाभिमानाची सभा कुणालाच आठवेना. मात्र एक गोष्ट सगळ्यांना आठवत होती. "त्या बाईनं चेअरमनची अब्रू काढली," असं बायका एकमेकींना सांगायच्या. ज्यानं सगळ्यांना अर्ज करू नका म्हणून सांगून स्वतः पहिला अर्ज टाकला त्याची अब्रू शाबूत, आणि ते बघणाऱ्या बाईचा गुन्हा. ज्या लोकांच्या घरांसाठी मला वाईट वाटायचं, त्याच लोकांची मला त्या दिवसांत शिसारी येत होती. दोन्ही एकदम येऊ शकतं, हे तेव्हा मला कळलं.

मग चौकशीला इन्स्पेक्टर आला. बेकारी खरी आहे का, हे घरात येऊन बघायचं होतं. त्याला घेऊन हिंडायला अर्थातच चेअरमन. त्यांच्या घरी इन्स्पेक्टरनं पोहे खाल्ले, चहा घेतला. पाच-सहा घरं झाली, प्रत्येक ठिकाणी काही ना काही तोंडात टाकलं. आमच्या घरी तो दारातच उभा राहिला. आईनं तांब्याभर पाणी आणलं. "नको, आत्ताच झालंय," तो म्हणाला. खुर्ची पुढं केली, तर काठावर टेकला, जणू खुर्ची ओली होती. मग त्याची नजर सुपाकडं गेली.

"हे काय?"

"विड्या," आई म्हणाली.

"म्हणजे उत्पन्न आहे."

"ह्याला उत्पन्न म्हणतासा?"

त्यानं कागदावर काहीतरी टिपलं. चेअरमन त्याच्या कानाशी लागले आणि परत तेच गोड कन्नड. या लोकांना बऱ्याच ठिकाणनं मिळतं साहेब, यांचं काही अडत नाही. आप्पा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनाही कन्नड कळत होतं. बेळगावात कुणाला कळत नाही? पण ते असे उभे होते जणू ऐकूच येत नाही.

मला राहवलं नाही. मी कन्नडमधनंच म्हणाले, "साहेब, आमचं कर्ज यांच्याच सोसायटीचं आहे. यांच्याच दराचं, यांच्याच बँकेचं. आम्हाला आणखी कुठनं काय मिळतं, ते यांनाच विचारा. इथंच विचारा."

चेअरमन छताकडं बघायला लागले. इन्स्पेक्टरनं मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "कन्नड चांगलं बोलतेस," म्हणाला. प्रश्न मात्र विचारला नाही. लिहायचं ते लिहून तो उठला. आईनं आणलेलं पाणी तसंच स्टुलावर राहिलं. आप्पांनी ते उचललं आणि वांग्यांना घातलं.

कॉलनीतली सगळी घरं मंजूर झाली. आमचं अडलं, विड्यांचं उत्पन्न म्हणून. आई आणि मी खेटे घालत राहिलो. कधी साहेब दौऱ्यावर, कधी कागद दुसऱ्या टेबलावर, कधी टेबलावरचा माणूस जेवायला. शेवटी एकदा मोठ्या साहेबापर्यंत पोचलो. त्यानं शेरा वाचला, कपाळाला आठ्या घातल्या. "कर्त्याची नोकरी गेली आहे ना? मग बायकोच्या विड्यांचा इथं काय संबंध? कुणी लिहिलं हे?" आणि सही केली. मिनिटसुद्धा लागलं नाही. आमच्याकडं त्यानं वर बघितलंही नाही. ज्यासाठी आम्ही अर्धा उन्हाळा घालवला ते काम एवढंसं होतं. त्या साहेबाचे उपकार वाटायला हवे होते. वाटले नाहीत. त्याच्या हाताखाली ते सगळं चाललं होतं आणि तो कागद समोर येईपर्यंत खुर्चीत आरामात बसला होता.

तरी खरं ते सांगायला हवं. व्याज भरलं गेलं. बँकेच्या नोटिसा थांबल्या. आईच्या विड्यांत घर चाललं, माझं कॉलेज सुटलं नाही. ती मदत नसती तर आम्ही परत वाड्यात गेलो असतो, आणि चेअरमन पानाच्या दुकानापुढं उभं राहून म्हणाले असते, बघा, झेपलं नाही. मदत चांगली होती. ती ज्यांच्या हातांतनं आमच्यापर्यंत आली ते हात तेवढे चांगले नव्हते.

यानंतर चेअरमननी, मदत मिळाली म्हणून, गावातल्या एका पुढाऱ्याचा सत्कार ठेवला. मांडव, हार, लाउडस्पीकर. वर्गणी अर्थातच बेकारांकडनं. दोन दिवस आधी ते आमच्या घरी आले. कॉलनीत आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी आमचा उंबरा ओलांडला. सरळ आत येऊन खुर्चीत टेकून बसले, आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्याले.

"अण्णा, तुम्ही स्टेजवर पायजे," ते आप्पांना म्हणाले. "पुढारी साहेबांनी मुद्दाम सांगितलंय. तुमच्यातला एक जण पायजेच म्हणून."

एवढ्या वर्षांत आप्पांना ते अण्णा कधीच म्हणाले नव्हते. आप्पा म्हणाले, "बघतो." आई सूप घेऊन मागच्या दारी गेली. मी आप्पांशी भांडले. "जाऊ नका. त्यांना फोटोपुरते पाहिजे आहात तुम्ही." आप्पा म्हणाले, "घरात येऊन बोलावलंय गं. न्हाय कसं म्हणायचं?" इस्त्रीचा शर्ट घालून ते गेले. मला त्यांचाही राग आला, हे लपवून काय करू.

स्टेजवर चेअरमन बोलले. आम्ही लढून हे मिळवलं, कचेरीत जाऊन मराठीत ठणकावलं, वगैरे. पुढारी खुर्चीत पेंगत होता. मग त्यांनी आप्पांच्या हातात माइक दिला आणि कानात सांगितलं, आभार माना. आप्पांनी माइक दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "व्याज बँकेला पोचलं. मुद्दल आम्ही देणार हाय." आणि माइक परत दिला. टाळी वाजवायची की नाही ते लोकांना कळेना. पुढारी जागा झाला आणि त्यानं वाजवली, म्हणून मग सगळ्यांनी वाजवली.

पुढच्या वर्षी आप्पांना निपाणीच्या एका वखारीत यंत्रांच्या दुरुस्तीचं काम मिळालं. आठवडाभर तिथं राहायचे, रविवारी लाल गाडीनं बेळगावला यायचे. पहिला पगार झाल्यावर ते कचेरीत गेले आणि काम लागलंय, मदत थांबवा, असं सांगितलं. कारकुनाला काय करायचं कळेना. मदत सुरू करायला आलेली माणसं त्यानं रोज बघितली होती, बंद करायला आलेलं कुणी बघितलं नव्हतं. त्यासाठी अर्जसुद्धा नव्हता. कॉलनीत हे कळलं तेव्हा लोक हसले. "खुळा माणूस," असं आमच्या शेजाऱ्यानं म्हटल्याचं मी खिडकीतनं ऐकलं.

चेअरमन तोवर टिळकवाडीत भावाच्या दुकानाचा हिशेब बघायला जात होते. रोज सकाळी, स्कूटरवरनं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांचं व्याज सरकारनं मुदत संपेपर्यंत भरलं.

पुढं कर्ज फिटलं, घर आमच्या नावावर मोकळं झालं. मागच्या भिंतीला गिलावा केला, बुरशी गेली. चेअरमन म्हातारे झाले आणि संध्याकाळी पानाच्या दुकानासमोर स्टूल टाकून बसायला लागले. नवीन राहायला आलेल्यांना सांगायचे, त्या काळात कॉलनी वाचवली ती आम्ही, नाहीतर सगळी घरं लिलावात गेली असती. ऐकणारे माना डोलवायचे. मी नोकरीवरनं येताना रस्ता बदलत नसे. त्यांच्या अगदी समोरनं जायचे. "काय गं, बरं हाय न्हवं?" ते विचारायचे. मी उत्तर द्यायची नाही. समोरनं जाणं, एवढंच माझ्याकडनं त्यांना मिळायचं, आणि तेही मला जास्त वाटायचं.