आबांना सांगितलेलं दान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि गोष्ट तिच्याच वडिलांची आहे. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

जळगावात माझं चष्म्याचं दुकान आहे. सासुरवाडी सावद्याची. रविवारी आम्ही तिकडे जायचो. जेवणं आटोपली की सासरे, म्हणजे आबा, मला केळीच्या बागेतल्या शेडमध्ये घेऊन जायचे. तिथला उजेड अजून डोळ्यांपुढे येतो. हिरवा, गार, पाण्याखाली बसल्यासारखा. पानं हलली की जमिनीवर सावल्या पोहायच्या. त्या उजेडात आम्ही दोघं लढाई खेळायचो.

आबा फौजेतले. पूल बांधणाऱ्या आणि वेळ आली तर उडवणाऱ्या तुकडीत होते. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून त्यावर त्यांनी निळ्या खडूनं तापी काढली होती, तापीवर पूल. समजा, बऱ्हाणपूरकडून रणगाडे आले तर? रावेर गेलं, सावदा गेलं, तर नदीवर त्यांना अडवायचं कसं? रणगाडे म्हणजे काड्यापेट्या, जवान म्हणजे मक्याचे दाणे. रणगाडे माझे. फाशावर जेवढं दान पडेल तेवढे पुढे. जेवणानंतरची गुंगी असायची — कधी कधी वाटायचं, बाहेर केळीच्या ओळींतून ते खरंच येतायत, पानं फाडत, अजिबात आवाज न करता.

आबांचे तीन दाणे कायम नदीपलीकडे असायचे. आणि ते परत यायच्या आत आबा पूल उडवायचे. दर वेळी. असं का, हे मी कधी विचारलं नाही. का विचारलं नसेल? मला वाटायचं, म्हाताऱ्याचा विरंगुळा आहे, खेळू द्यावं.

त्या रविवारी ते म्हणाले, आज उडवत नाही, आज थांबतो. मोठं दान पडलं तर रणगाडे आधी पुलावर पोचतील. लहान पडलं तर तिघं आधी अलीकडे येतील, मग पूल उडवायचा. मला घरी जाऊन क्रिकेटचा सामना बघायचा होता. आबा हरले की आणखी एक डाव मागायचे, जिंकले की खुशीत उठायचे — हे मला पक्कं माहीत होतं.

मी फासा टाकला. सहा पडले.

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन मीच ठरवून दिलेलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक," मी म्हणालो.

आबा उठले नाहीत. बोटानं एकेक करून त्यांनी तिन्ही दाणे पुलावरून अलीकडे आणले. फार हळू. मग म्हणाले, "म्हंजे वेय होता."

वेळ होता — तिकडे वेळेला वेय म्हणतात. मग त्यांनी सांगितलं. सरहद्दीवरची नदी, समोरून येणारे रणगाडे, पूल उडवायची कळ त्यांच्या हातात आणि त्यांचे तिघं पलीकडे. त्यांनी कळ दाबली. वेळ नव्हता, असं वरिष्ठ म्हणाले होते. तेच धरून आबा इतकी वर्षं जगले होते.

एका फाशावरून माणूस असा निकाल लावतो का? आबांनी लावला. आणि मी? "आबा, सहा पडले होते" — एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग का खोटं बोललो, तेही सांगावं लागलं असतं. आणि याआधी किती डाव असेच हरलो होतो, तेही. जावई होतो मी. मी पुठ्ठ्याची घडी घातली.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर आबा म्हणाले, मला पारोळ्याला ने. त्या तिघांतल्या एकाची बहीण, अक्का, तिथे राहायची. भाऊ गेल्यापासून ती आबांना दर वर्षी टपालानं राखी पाठवत असे. अक्कांच्या ओट्यावर आम्ही बसलो. ऊन मऊ झालं होतं, समोर कुणी कापूस वाळत घातला होता. आबा म्हणाले, "अक्का, मी थांबलो असतो तं तुझा भाऊ आला असता. वेय होता."

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. मग हळूच म्हणाल्या, "मंग थांबना का नहीं, भाऊ?" मग थांबला का नाहीस, एवढंच.

उत्तर माझ्याकडे होतं. अक्कांच्या सुनेनं चहा आणून ठेवला होता — मी तो प्यायलो. चांगला झालाय, असंही म्हणालो.

पुढच्या राखीपौर्णिमेला टपाल आलं नाही. आबा दारात खुर्ची टाकून बसायचे, पोस्टमन पुढच्या घराकडे वळला की आत यायचे. बायको म्हणायची, आबांना दिसायला लागलं आणि ते उदासच झाले. मी म्हणायचो, वय आहे. शेडमध्ये ते पुन्हा गेले नाहीत. त्या थंडीत आबा वारले.

अक्का अजून आहेत. दुकानाच्या कामासाठी मी धुळ्याला जातो, तेव्हा त्यांच्या गल्लीवरूनच रस्ता आहे. एकदा त्या ओट्यावर बसलेल्या दिसल्या. त्यांनी मला ओळखलं, हात वर केला. मीही केला.