तांब्याच्या पत्र्याची कड

येत्या रविवारी कॉस्मेकाका फ्रेमा उघडणार. चार दिवस डोक्यात तेवढंच आहे. भात उतरवताना, ओटा पुसताना, आता हे लिहितानाही. त्यांचं बोट कागदाच्या कडेवरून फिरेल आणि थांबेल. मग?

काका आमच्या कुंपणापलीकडे राहतात. वय चौऱ्याऐंशी. सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर भटारखान्यात होते. सुट्टीवर येताना बरोबरचे लोक रेडिओ आणत, काका एक जुनं चित्र आणत. इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदरात जुन्या कागदांचं दुकान होतं, तिथून. अशी सात जमली. सगळी अडीचशे वर्षांपूर्वीची, काळ्या रेघांची. पॅसिफिकमधल्या बेटांवर युरोपातली गलबतं लागलेली, कप्तान वाळूवर उतरलेला, आणि बेटावरची माणसं फळं, डुकरं घेऊन पुढे आलेली.

सेलेस्तीनकाकी होत्या तेव्हा म्हणायच्या, "लोकांचे घोव सेंटाच्यो बाटल्यो हाडतत, माझो उघड्या मानसांची चित्रां हाडता!"

मी नऊ वर्षांची असताना त्यातल्या एका चित्रावर कोरा चहा सांडला. मी रडायच्या बेतात. काकांनी कागद टिपला, उजेडात धरला आणि म्हणाले, "बरा झाला गो. आभाळात ढगच नाय होतो."

त्यांनीच मला चित्रं बघायला शिकवलं. बेटावरच्या होड्यांना आपल्यासारखीच उलांडी आहे, होडी कलंडू नये म्हणून बाजूला आडवं बांधलेलं लाकूड. काका त्यावर बोट ठेवायचे. "बांधलेल्यो दोऱ्यो खंय आसत? नुसती चिकटवल्यान. हो चित्रकार त्या बेटार कधी गेलोच नाय. घराक बसान काढल्यान." मग कप्तानाच्या हाताकडे वळायचे. "ह्यांनी डुकर दिल्यानी, केळी दिल्यानी. तेणी काय दिल्यान? काचेचे मणी. आणि उभो कसो आसा बघ, जसो उपकार करता!"

मला कॉलेजात घालायला वडील तयार नव्हते. तेव्हा काका आमच्या पडवीत येऊन बसले आणि वडील हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. बी.ए. झाले ती त्यामुळे.

आपल्याकडच्या पावसात काचेला आतून घाम येतो आणि कागद चिकटतो. म्हणून दर मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, चर्चमधून आल्यावर, काका साती चित्रं फ्रेमांतून काढतात. काकींच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत गुंडाळून, मिरी घालून, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतात. नाताळाआधी घराला चुना लागला की परत भिंतीवर. काच मी धरायची, हे लहानपणापासून ठरलेलं. कागद हातात आला की काका त्याच्या कडेने बोट फिरवतात. ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून, ओल्या कागदावर दाबून छापलेली. त्या पत्र्याची कड कागदात रुतून राहते. "डोळ्यांनी नको, बोटान बघ," असं मला सांगायचे. आता मोतीबिंदूमुळे त्यांना स्वतःलाच तसं बघावं लागतं.

मार्चमध्ये माझा मुलगा सर्वेश म्हणाला, आपल्या होमस्टेच्या दोन खोल्यांत लावायला काकांच्या चित्रांच्या कॉपी काढू या. काकांनी चित्रं कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती. मीच म्हटलं, "काका, मी सांगतंय ना. आठ दिवसांत सर्वेश परत हाडून देतलो."

"तू सांगतस, मगे काय," म्हणाले, आणि स्वतः स्टुलावर चढून फ्रेमा काढायला लागले.

आठव्या दिवशी सर्वेशने फ्रेमा परत लावल्या. वर काकांना एक टीव्हीही नेऊन दिला. काकांनी सगळ्या वाडीला सांगितलं, "किशोरीच्या झिलान दिल्यान!" मला अभिमान वाटला होता.

होमस्टेच्या बुकिंगचा फोन माझ्याकडे असतो. मंगळवारी त्यावर मुंबईच्या एका पाहुण्यांचा निरोप आला. सोबत त्यांच्या दिवाणखान्यातल्या भिंतीचा फोटो. 'तुमच्या मुलाकडून घेतलेली अस्सल चित्रं लावली. चहाच्या डागाचं सगळ्यांत आवडतं.' फोटोतल्या एका चित्रात वर माझा ढग होता.

विचारल्यावर सर्वेशने नाकारलं नाही. जेवता जेवता म्हणाला, "आई, तेंका काय दिसता? दोनय डोळ्यांत मोतीबिंदू. भिंतीर चित्रां होती ती आसतच. डागासकट छापून हाडलंय."

"छापलेली चित्रां काकांची न्हय."

"आणि टीव्ही दिलंय तो? इतका कोण करता?"

ताट सरकवून तो खुर्चीत मागे रेलला होता. उपकार केल्याच्या थाटातला तो कप्तान मी लहानपणापासून काकांच्या भिंतीवर बघत आले होते, आणि तो माझ्या घरात बसेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मी पळवाटा शोधतेय. त्या पाहुण्यांशी परस्पर बोलून रविवारच्या आत चित्रं आणवावीत, गुपचूप बदलून टाकावीत, काकांना कळणारही नाही. कळलं तर गावात सर्वेशचं नाव खराब होईल, आणि त्या दोन खोल्यांवरच त्याचं सगळं चाललंय. आई म्हणून हे सगळं मला दिसतं. पण परवा कुंपणापाशी काका म्हणाले, "रविवारी लवकर ये गो. गुळगुळीत कागद माझ्या हातात नीट रवनत नाय, तू धर." गुळगुळीत तर सर्वेशच्या कॉपी आहेत, त्यांना पत्र्याची कड नाही. काच पुसतानाच फ्रेम थोडी उघडली असेल का? त्यांना कधीपासून ठाऊक आहे? आणि माझ्याकडून ऐकायची वाट बघतायत का?

काका पहाटे पाचला उठतात, आधी चहा, मग रोझरीची प्रार्थना. त्यांचा जुना फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, त्यामुळे चहाच्या वेळी ते त्याच्याजवळच असतात. बदलायचं वगैरे पुढचं पुढे. समोर उभं राहायचा धीर नाही, म्हणून उद्या सव्वापाचला मी त्यांनाच फोन लावणार आहे, आणि सर्वेशचं नाव घेण्याआधी सांगणार आहे की तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला.