कापसाच्या खोलीतला खेळ

घरात कापूस आला की त्याच्या कोरड्या वासानं मला लेक दोन वर्षांची असतानाची ती दुपार आठवते. मोताळ्याजवळच्या आमच्या घरात वडिलांसमोर स्वतःचं लेकरू उचलायची रीत नव्हती, पण माझा नवरा तर तिच्याकडे बघतही नसे, आणि मुलगी झाली म्हणूनच तो तोंड फिरवतो, हा संशय मला आतून कुरतडत होता. त्यात दुपारी नवरा आणि लेक दोघंही दिसेनाशी व्हायची आणि लेक केसांत कापूस घेऊन परतायची. त्या दिवशी मी शोधत गेले, तर कापसाच्या खोलीच्या दाराशी सासरे फटीला डोळा लावून बसलेले. सासरे आणि नवरा मिळून काय लपवताहेत, म्हणून मी तावातावानं पुढं झाले. सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. फटीतून पाहिलं, तर नवरा गळ्यापर्यंत कापसात बुडालेला आणि लेक खिदळत त्याच्या डोक्यावर ओंजळी ओततेय. “आवाज नको करू बाई,” सासरे कुजबुजले, “मी पाह्यलं हे त्याले समजलं तं लाजून खेळणं सोडून देईन तो.” मी हे नवऱ्याला कधीच सांगितलं नाही. आता सासरे नाहीत, तो लेकीशी अंगणात उघड खेळतो. तरी मधेच थांबून दाराकडं बघतो.