हार घातला, प्रश्न राहिला

मंडळी, आपल्या वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद मुद्दाम डकवतोय. डोकं फिरलंय माझं.

आयुष्यात पहिल्यांदा मत देणार म्हणून आज कोलशेतला निवडणुकीच्या सभेला गेलेलो. माझा दोस्त जानू तिथलाच. खाडीचा बांध फुटून त्याच्या भातशेतात खारं पाणी शिरलंय. "तुझं तोंड चालतं रे, तूच इचार, बांध कधी बांधणार," म्हणाला.

वाटेत एक कुस्ती बघत रेंगाळलो, तरी वेळेत पोचलो. पण सभा कसली! प्रत्येक आळीचा हार, भजनी मंडळाचा हार, मिठागरवाल्यांचा हार. मी उठून म्हटलं, "एक विचारायचंय." तर गावचे पुढारी खूश. "या, या, तरुणांतर्फे तुम्ही घाला," म्हणत हातात हारच कोंबला!

उमेदवार अगदी समोर. हार घातला, तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या हारवाल्यानं मला बाजूला सारलं. मग भाषण. त्यात देश आला, जग आलं, बांध काही आला नाही. साहेब लगेच पुढच्या गावाला निघाले.

"इचारलंस?" जानूनं विचारलं.

"नाही रे."

"हार मात्र मस्त घातलास," म्हणाला आणि चालू पडला.

रविवारी कोलशेतलाच दुसऱ्या पक्षाचे उमेदवार येतायत. बांधाचं उत्तर दिल्याशिवाय तरुणांचा हार नाही, असं आधीच सांगायचं का? मी तर रिकाम्या हातानं जाणार आहे. सोबत कोण येतंय, खाली नाव लिहा.